छोट्या ऑफिसचा सर्व्हर: ग्रुप कसे पाडायचे, पीसी कसे जोडायचे

सीएच्या ऑफिसात माणसं सतत बदलतात. आर्टिकलशिप, म्हणजे सीए होण्यासाठीची उमेदवारी, संपली की मुलं जातात, त्यांच्या जागी नवी येतात. वीस-बावीस टेबलांच्या अशा ऑफिसात नेटवर्कचं काम हातात घेतलं की पहिल्याच आठवड्यात हा प्रश्न कानावर येतो: "ती मुलगी सोडून गेली, तिच्या मशीनवरचं क्लायंटचं फोल्डर उघडत नाही, पासवर्ड कुणाकडे आहे?" कुणाकडेच नसतो. कारण प्रत्येक पीसी हा स्वतंत्र संसार असतो. त्याचे युजर वेगळे, पासवर्ड वेगळे, शेअर केलेली फोल्डरंही वेगळी. याला वर्कग्रुप म्हणतात. चार-पाच मशीनपर्यंत तो चालतो, दहाच्या पुढे गेला की रोजची धावपळ सुरू होते.

त्यावरचा उपाय म्हणजे डोमेन. युजरची खाती एकाच सर्व्हरवर ठेवायची आणि सगळ्या पीसींनी लॉगिनच्या वेळी त्या सर्व्हरला विचारायचं. विंडोज सर्व्हरमध्ये हे काम ॲक्टिव्ह डिरेक्टरी करते. विंडोज २००० सर्व्हरबरोबर ती आली, आणि तिची मूळ रचना आजही तीच आहे. हा लेख पहिल्यांदाच सर्व्हर लावणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण सीएच्या ऑफिसचं घेतलंय, पण शाळेची लॅब असो, दवाखाना असो की सोसायटीचं कार्यालय, पायऱ्या त्याच.

आधी कागद घ्या

सर्व्हरला हात लावण्याआधी एक दुपार ऑफिसात बसा. साहेबांना विचारा: कोण काय काम करतं, आणि कुठली माहिती कुणी बघायची नाही? दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे. आमच्या उदाहरणातल्या ऑफिसात चार कामं निघाली: ऑडिट, जीएसटी, अकाउंट्स आणि भागीदार. फोल्डरं पाच: ऑडिट, जीएसटी, टॅलीचा डेटा, पगार आणि सगळ्यांसाठीचे नमुने.

मग कागदावर चौकट आखायची. डावीकडे कामं, वर फोल्डरं, आणि प्रत्येक घरात तीनपैकी एक शब्द: बदल, वाचन, नाही. ऑडिटवाल्यांना जीएसटीचं फोल्डर वाचायला हवं, बदलायला नको. अकाउंट्सला टॅलीत बदल हवा. पगार फक्त भागीदारांना. या चौकटीत एकाही माणसाचं नाव लिहायचं नाही. "जोशी सरांना सगळं द्या" असं कुणी म्हणालं तर विचारा, जोशी सर कुठल्या कामामुळे सगळं बघतात? ते काम चौकटीत लिहा. ही सवय एवढ्याचसाठी की जोशी सर उद्या निवृत्त होतील, पण काम राहील.

हा कागद जपून ठेवा. पुढची सगळी मांडणी यावरूनच करायची आहे.

सर्व्हर उभा करणे

मशीन घेताना दोन डिस्क तरी एकमेकींची नक्कल ठेवणाऱ्या, म्हणजे रेड १ पद्धतीच्या, असाव्यात. यूपीएस तर हवाच, तोही वीज गेल्यावर सर्व्हर नीट बंद होण्याइतका वेळ देणारा. चालू असताना अचानक वीज जाणं हे ॲक्टिव्ह डिरेक्टरीच्या डेटाबेसला मानवत नाही. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीत सर्व्हरच्या लायसन्सबरोबर प्रत्येक युजरसाठी किंवा प्रत्येक पीसीसाठी क्लायंट ॲक्सेस लायसन्स घ्यावं लागतं. कोटेशन देताना ते नक्की धरा, नंतर ग्राहकाला सांगायला फार जड जातं. हात बसवायला १८० दिवसांची मूल्यमापन प्रत मिळते. घरी जुन्या मशीनवर ती टाकून दोन वेळा सगळं मोडा आणि पुन्हा जोडा, मगच ग्राहकाकडे जा.

विंडोज सर्व्हर टाकून झाला की तीन गोष्टी या क्रमानेच करा. सर्व्हरचं नाव बदला. आपोआप मिळालेलं लांबलचक नाव तसंच ठेवलं तर पुढे बदलणं कटकटीचं होतं. मग कायमचा आयपी पत्ता द्या, समजा १९२.१६८.१०.१०. (आकडे इथे देवनागरीत छापलेत, मशीनवर अर्थातच इंग्रजी आकडे टाका.) आणि ताजे अपडेट घेऊन एकदा रीस्टार्ट करा.

आता सर्व्हर मॅनेजर उघडा, "ॲड रोल्स अँड फीचर्स" मधून "ॲक्टिव्ह डिरेक्टरी डोमेन सर्व्हिसेस" निवडा, आणि इन्स्टॉल होऊ द्या. हे झालं म्हणजे डोमेन तयार झालं असं नाही. वर पिवळा त्रिकोण दिसेल, त्यावर टिचकी मारून "प्रमोट धिस सर्व्हर टू अ डोमेन कंट्रोलर" घ्या. डोमेन कंट्रोलर म्हणजे डोमेनची खाती सांभाळणारा सर्व्हर. ऑफिसात आधीचं डोमेन नसेल तर "ॲड अ न्यू फॉरेस्ट" (फॉरेस्ट म्हणजे डोमेनच्या वरचं सगळ्यांत बाहेरचं आवरण).

इथे डोमेनचं नाव विचारतात आणि नवखा माणूस अडखळतो. जुन्या पद्धतीत शेवटी "लोकल" लावायचे. तसं करू नका. ऑफिसची स्वतःची वेबसाइट असेल तर त्या नावाच्या आधी "एडी" किंवा "ऑफिस" आणि टिंब जोडून उपनाव करा. वेबसाइटचंच नाव जसंच्या तसं दिलंत तर ऑफिसच्या आतून ऑफिसचीच वेबसाइट उघडेनाशी होते आणि तक्रार तुमच्याकडे येते.

पुढे डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडचा पासवर्ड मागतील. हा रोज लागत नाही, म्हणून विसरला जातो. पण डोमेनचा डेटाबेस बिघडून दुरुस्त करायची वेळ आली तर हाच लागतो. लिहून, पाकिटात घालून, साहेबांच्या कपाटात ठेवा. त्यानंतर डीएनएस (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा) डेलिगेशन तयार करता येत नाही असा पिवळा इशारा येईल. नव्या डोमेनमध्ये तो येणारच, घाबरून मागे फिरू नका. इन्स्टॉल करा, मशीन स्वतःहून रीस्टार्ट होईल.

शक्य असेल तर फायली ठेवायचा सर्व्हर आणि डोमेन कंट्रोलर वेगळे ठेवा. एकाच दणकट मशीनवर हायपर-व्हीमध्ये, म्हणजे आभासी मशीन चालवायच्या विंडोजच्याच सोयीत, दोन आभासी सर्व्हर चालवले तरी चालतं, स्टँडर्ड लायसन्समध्ये दोन बसतात. आणि ग्राहकाला दुसरा डोमेन कंट्रोलर घेण्याबद्दल नक्की सांगा, कारण एकुलता एक बंद पडला की सगळ्यांची कामं अडतात.

डीएनएस: निम्म्या तक्रारींचं मूळ

पीसीला डोमेन सापडतं ते डीएनएसमधून. म्हणून ऑफिसातल्या प्रत्येक पीसीच्या डीएनएसमध्ये सर्व्हरचाच पत्ता हवा, १९२.१६८.१०.१०. इंटरनेट कंपनीच्या राउटरचा नको, आणि गुगलचा ८.८.८.८ सुद्धा नको, दुसऱ्या क्रमांकावरही नको. "राहू दे, सर्व्हर बंद पडला तर इंटरनेट तरी चालेल" म्हणून पुष्कळ जण दुसऱ्या जागी तो टाकतात. मग पीसी कधीतरी त्यालाच विचारतो, त्याला तुमचं डोमेन माहीतच नसतं, आणि लॉगिनला पाच मिनिटं लागतात किंवा ड्राइव्ह गायब होतात. बाहेरच्या साइट उघडाव्यात म्हणून गुगलचा पत्ता सर्व्हरच्या डीएनएस मॅनेजरमध्ये "फॉरवर्डर्स" म्हणून द्या. त्याची योग्य जागा ती आहे.

पीसींना पत्ते वाटायचं काम राउटरचं डीएचसीपी करत असेल तर ते राउटरमध्ये बंद करा आणि सर्व्हरवर डीएचसीपीचा रोल लावा. दोन्ही एकदम चालू ठेवू नका.

कप्पे आणि माणसं

टूल्समधून "ॲक्टिव्ह डिरेक्टरी युजर्स अँड कॉम्प्युटर्स" उघडा. डावीकडे "युजर्स" आणि "कॉम्प्युटर्स" हे तयार कप्पे दिसतात. त्यात काही भरायचं नाही. ते नुसते डबे आहेत, त्यांना ग्रुप पॉलिसी, म्हणजे सर्व्हरवरून पीसींना आणि युजरना लावायची धोरणं, जोडता येत नाही. डोमेनच्या नावावर राइट क्लिक करून नवं ऑर्गनायझेशनल युनिट बनवा, नाव द्या "ऑफिस". त्याच्या आत तीन: माणसं, ग्रुप, पीसी. पीसीच्या आत डेस्कटॉप आणि लॅपटॉप असे दोन भाग पाडा. वीस टेबलांना एवढं पुरे. प्रत्येक विभागाचं वेगळं युनिट करायचा मोह होतो, पण कोण काय बघेल हे ग्रुप ठरवतात. युनिट फक्त धोरणं लावण्यासाठी.

एक गोंधळ इथेच मिटवा. युनिटला परवानगी देता येत नाही. माणूस एका वेळी एकाच युनिटमध्ये असतो, पण ग्रुप मात्र त्याचे कितीही असू शकतात.

आता खाती. लॉगिनच्या नावाची एकच रीत ठरवा: पहिलं नाव, टिंब, आडनाव. आपल्याकडे खरा त्रास स्पेलिंगचा आहे. श्रद्धा हे नाव इंग्रजीत तीन-चार पद्धतींनी लिहिलं जातं, आणि तुम्ही ऐकून टाइप केलेलं तिचं नसतं. पॅन कार्डवर जे असेल तेच घ्या. पहिला पासवर्ड देताना "युजर मस्ट चेंज पासवर्ड ॲट नेक्स्ट लॉगऑन" ही खूण राहू द्या, म्हणजे तिचा पासवर्ड तुम्हालाही माहीत राहणार नाही. तुमच्या दृष्टीनेही तेच बरं.

स्वतःसाठी दोन खाती करा. एक रोजचं साधं, दुसरं डोमेन ॲडमिनचं. ॲडमिनचं खातं फक्त सर्व्हरवर वापरायचं. एखाद्या आर्टिकलच्या पीसीवर बसून त्या खात्याने लॉगिन करू नका. त्या मशीनवर काही वाईट सॉफ्टवेअर बसलेलं असेल तर अख्ख्या ऑफिसच्या किल्ल्या त्याच्या हातात जातात.

ग्रुप

ग्रुप युनिटवर राइट क्लिक करून नवा ग्रुप घेतला की दोन प्रश्न येतात. प्रकार: "सिक्युरिटी" घ्या, कारण "डिस्ट्रिब्युशन" फक्त मेलच्या यादीसाठी असतो, त्याला फोल्डरची परवानगी देता येत नाही. आणि आवाका: डोमेन लोकल, ग्लोबल की युनिव्हर्सल. एका डोमेनच्या ऑफिसात युनिव्हर्सलची गरज नाही. उरलेले दोन मात्र दोन्ही वापरायचे, आणि हाच या लेखाचा गाभा आहे.

ग्लोबल ग्रुप कामाचे करा: भूमिका-ऑडिट, भूमिका-जीएसटी, भूमिका-अकाउंट्स, भूमिका-भागीदार. यात माणसं घाला. डोमेन लोकल ग्रुप फोल्डरचे करा: फोल्डर-जीएसटी-बदल, फोल्डर-जीएसटी-वाचन, फोल्डर-टॅली-बदल, फोल्डर-पगार-बदल, याप्रमाणे. यात माणसं घालायची नाहीत, भूमिकेचे ग्रुप घालायचे. आणि प्रत्यक्ष फोल्डरवर परवानगी फक्त या दुसऱ्या प्रकारच्या ग्रुपला. (ही नावं सर्व्हरवर इंग्रजी अक्षरांत टाका, कमांड चालवताना सोपं जातं.)

नवख्यांना हे दुप्पट काम वाटतं. वीस माणसांसाठी इतके ग्रुप कशाला? आपल्या चौकटीकडे बघा. डावीकडची कामं म्हणजे भूमिकेचे ग्रुप, वरची फोल्डरं म्हणजे फोल्डरचे ग्रुप, आणि प्रत्येक घर म्हणजे एकाला दुसऱ्यात घालणं. "ऑडिट, जीएसटी, वाचन" या घरासाठी भूमिका-ऑडिट हा ग्रुप फोल्डर-जीएसटी-वाचन या ग्रुपमध्ये घालायचा, झालं. कागदावरचं चित्र सर्व्हरवर जसंच्या तसं उतरतं. सहा महिन्यांनी साहेबांनी विचारलं की पगाराचं फोल्डर कोण कोण बघतं, तर एक ग्रुप उघडून दाखवता येतो. फोल्डरवर थेट माणसांची नावं टाकलेली असतील तर हेच उत्तर द्यायला शेकडो उपफोल्डरं तपासत बसावं लागतं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी लक्षात ठेवा: कुणाला ग्रुपमध्ये घातलं तर ते लगेच लागू होत नाही. लॉगिन करताना त्या वेळच्या ग्रुपची यादी माणसाबरोबर जाते आणि लॉगआउट होईपर्यंत तीच राहते. "घातलं की नाव, तरी उघडत नाही" असा फोन आला तर लॉगआउट करून परत यायला सांगा. स्क्रीन लॉक करून उघडणं पुरत नाही.

फोल्डर आणि परवानगी

सर्व्हरच्या डी ड्राइव्हवर "कामकाज" नावाचं एक फोल्डर करा आणि पाचही फोल्डरं त्याच्या आत ठेवा. शेअर फक्त "कामकाज" करा. पाच फोल्डरं वेगवेगळी शेअर केलीत की पाच ठिकाणी लक्ष ठेवावं लागतं.

नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन दारं लागतात: शेअरची परवानगी आणि एनटीएफएसची, म्हणजे डिस्कवरच्या फोल्डरची स्वतःची, परवानगी. दोन्हींपैकी जी कडक ती लागू. दोन्हीकडे बारीक बारीक नियम लावले की काय चालू आहे ते कुणालाच समजत नाही. म्हणून शेअरच्या परवानगीत "एव्हरीवन" काढून "ऑथेंटिकेटेड युजर्स" ला "चेंज" द्या, ॲडमिनला "फुल कंट्रोल" द्या, आणि तिथून पुढचा सगळा निवाडा एनटीएफएसवर सोडा.

माझ्या हातून सुरुवातीला झालेली चूक इथलीच. एका ऑफिसात पगाराच्या फोल्डरवर भागीदारांचा ग्रुप घातला, बरोबर लागला म्हणून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी एका आर्टिकलने पगाराची एक्सेल फाइल उघडली. बघितलं तर सिक्युरिटीच्या यादीत भागीदारांच्या ग्रुपखाली "युजर्स" ही ओळ शिल्लक होती. ती मी टाकलेली नव्हती. डी ड्राइव्हच्या मुळाशी विंडोजच ती ठेवतो, "युजर्स" मध्ये डोमेनमधले सगळे येतात, आणि वरच्या फोल्डरची परवानगी खालच्याला वारशाने मिळते. मी नवा हक्क दिला होता, जुना काढलाच नव्हता.

तर पद्धत अशी. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये सिक्युरिटी, मग ॲडव्हान्स्ड, मग "डिसेबल इनहेरिटन्स". दोन पर्याय येतील, त्यातला पहिला, म्हणजे वारशाच्या परवानग्या स्वतःच्या करून घेणारा निवडा. मग यादीतून "युजर्स" च्या सगळ्या ओळी काढा. "सिस्टम" आणि "ॲडमिनिस्ट्रेटर्स" राहू द्या, नाहीतर बॅकअपही अडेल. आता फोल्डरचे तुमचे ग्रुप घाला: बदलवाल्या ग्रुपला "मॉडिफाय", वाचनवाल्याला "रीड अँड एक्झिक्यूट".

"मॉडिफाय" च का, "राइट" का नाही? एक्सेल फाइल सेव्ह करताना आधी तात्पुरती नवी फाइल लिहितो, मग जुनी काढून नवीला जुन्याचं नाव देतो. म्हणजे पुसायचाही हक्क लागतो. नुसता "राइट" दिला तर सेव्ह होत नाही आणि फोल्डरभर विचित्र नावांच्या तात्पुरत्या फायली साठतात. फोल्डरात असा कचरा दिसला की परवानगी तपासा. "फुल कंट्रोल" मात्र देऊ नका, त्यात परवानग्या बदलायचाही हक्क येतो.

"डिनाय" ची खूण वापरू नका. भागीदार सरांचं नाव भूमिका-ऑडिटमध्येही असेल आणि पगारावर ऑडिटला "डिनाय" असेल तर सरांचाच रस्ता बंद होतो, कारण एकाच फोल्डरवर थेट लावलेला नकार होकारावर मात करतो. ज्याला द्यायचं नाही त्याचं नाव यादीत नसलं की पुरे.

शेवटी सर्व्हर मॅनेजरमध्ये फाइल सर्व्हिसेसच्या शेअरच्या सेटिंगमध्ये "ॲक्सेस-बेस्ड एन्युमरेशन" सुरू करा. मग ज्या फोल्डरवर हक्क नाही ते माणसाला दिसतच नाही. "हे उघडत का नाही" असे फोन निम्म्याने कमी होतात. मग ॲडव्हान्स्डमधल्या "इफेक्टिव्ह ॲक्सेस" टॅबमध्ये एकेका माणसाचं नाव टाकून कागदाशी ताडून बघा.

पीसी जोडणे

पीसीकडे जाण्याआधी त्यावर कुठलं विंडोज आहे ते बघा. होम आवृत्ती डोमेनला जोडताच येत नाही, प्रो, एंटरप्राइझ किंवा एज्युकेशन लागते. दुकानातून स्वस्तात आणलेले लॅपटॉप बहुतेक होमचे असतात, म्हणून ही तपासणी कोटेशनच्या वेळीच करा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आहे, तेव्हा नवी जोडणी ११ वरच करावी.

मग नाव. जुन्या नेटबायोस नियमामुळे पीसीचं नाव १५ अक्षरांच्या आत ठेवा. माणसाचं नाव देऊ नका, माणूस जातो. टेबलाचा क्रमांक द्या: ऑडिट-०३, जीएसटी-०१. तेच नाव कॅबिनेटवर चिकटवा. फोनवर "मशीनवर चिकटवलेलं नाव वाचा" एवढं म्हटलं की काम भागतं.

त्यानंतर वेळ. डोमेनचं लॉगिन कर्बेरॉस पद्धतीने चालतं आणि त्यात पीसी व सर्व्हरच्या घड्याळात पाच मिनिटांपेक्षा जास्त फरक चालत नाही. जुन्या पीसीच्या मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सेल, सीआर २०३२, संपलेला असेल तर रात्री वीज बंद केली की सकाळी घड्याळ काही वर्षं मागे गेलेलं असतं. मग लॉगिन अडतं, आणि येणाऱ्या संदेशात सेलचं नाव कुठेच नसतं. तुम्ही डीएनएस, केबल, पासवर्ड सगळं तपासता आणि दोष असतो काही रुपयांच्या सेलमध्ये. जोडण्याआधी घड्याळ बघा, सेल संशयास्पद वाटला तर बदला.

सर्व्हरवर पीसी युनिटच्या योग्य भागात राइट क्लिक करून त्या नावाचं कॉम्प्युटर खातं आधीच तयार करा. मग जोडल्यावर पीसी थेट तिथे येतो, "कॉम्प्युटर्स" च्या डब्यात पडून धोरणांपासून सुटत नाही. ज्या खात्याने ही नोंद केली त्याच खात्याने जोडा. ऑक्टोबर २०२२ च्या सुरक्षा अपडेटनंतर भलत्याच खात्याने आधीची नोंद वापरायला गेलात तर विंडोज अडवतो. या कामासाठी जोडणीपुरते हक्क दिलेलं वेगळं खातं ठेवलं तर ॲडमिनचा पासवर्ड पीसीवर टाइप करावा लागत नाही.

आता पीसीवर सेटिंग्ज, सिस्टम, अबाउट, तिथे "डोमेन ऑर वर्कग्रुप" ची लिंक. "चेंज" दाबा, डोमेनचं पूर्ण नाव टाका, खातं आणि पासवर्ड द्या. स्वागताचा छोटा संदेश आला की रीस्टार्ट. डोमेन सापडत नाही म्हणाला तर दुसरं काही बघण्याआधी डीएनएस बघा.

इथून पुढची पाच मिनिटं माणसांना सांभाळायची आहेत. डोमेनच्या खात्याने पहिल्यांदा लॉगिन केलं की विंडोज कोरं प्रोफाइल बनवतो. डेस्कटॉप रिकामा, डॉक्युमेंट्स रिकामं, ब्राउझरमधले पासवर्ड नाहीत. मार्चअखेरच्या गडबडीत कुणाला असं दिसलं तर त्यांच्या पोटात गोळा येतो. काही गेलेलं नसतं. जुनं सगळं सी ड्राइव्हवरच्या युजर्स फोल्डरमध्ये जुन्या नावाखाली असतं. तरी जोडण्याआधीच त्यांना समोर बसवून सांगा, फायली सर्व्हरवर योग्य फोल्डरात हलवा, ब्राउझरचे बुकमार्क काढून घ्या, आणि त्यांना सगळं दिसलं की मगच पुढच्या टेबलाकडे जा. पहिल्या दिवशी दोनच पीसी जोडा. उरलेले आठवडाभरात.

लॅपटॉपची एक खास गोष्ट. ऑडिटची मुलं लॅपटॉप घेऊन क्लायंटकडे जातात, तिथे सर्व्हर नसतो. तरी लॉगिन चालतं, कारण विंडोज आधीच्या लॉगिनची नोंद जवळ ठेवतो, नेहमीच्या सेटिंगमध्ये दहा खात्यांपर्यंत. पण ती नोंद व्हायला एकदा ऑफिसच्या नेटवर्कवर लॉगिन झालेलं हवं. नव्या मुलाला लॅपटॉप देताना तुमच्यासमोर, ऑफिसात, त्याच्या खात्याने एकदा उघडून घ्या. नाहीतर तो दुसऱ्या गावाहून फोन करेल आणि तुम्हाला इथून काही करता येणार नाही.

ड्राइव्ह आणि पासवर्डची धोरणं

"ग्रुप पॉलिसी मॅनेजमेंट" उघडून माणसं या युनिटवर नवं धोरण करा: ड्राइव्ह-कामकाज. युजर कॉन्फिगरेशन, प्रेफरन्सेस, विंडोज सेटिंग्ज, ड्राइव्ह मॅप्स. कामकाजच्या शेअरला के हे अक्षर द्या आणि कृती "अपडेट" ठेवा. एखादा ड्राइव्ह फक्त अकाउंट्सला हवा असेल तर त्याच खिडकीतल्या "कॉमन" टॅबमध्ये "आयटम-लेव्हल टार्गेटिंग" घेऊन भूमिका-अकाउंट्स निवडा. कुणासाठी लागू ते इथे ग्रुपनेच ठरलं, म्हणजे आपला कागद इथेही उपयोगी पडला.

धोरणाच्या "सिक्युरिटी फिल्टरिंग" मधून "ऑथेंटिकेटेड युजर्स" काढून स्वतःचा ग्रुप टाकणार असाल तर "डेलिगेशन" टॅबमध्ये "डोमेन कॉम्प्युटर्स" ला वाचनाचा हक्क द्या. जून २०१६ च्या अपडेटपासून युजरची धोरणंही पीसीच्या खात्याने वाचली जातात. हे राहिलं तर धोरण गुपचूप लागू होत नाही, एरर काही येत नाही.

बदल पीसीपर्यंत पोचायला साधारण ९० मिनिटं आणि वर अर्ध्या तासापर्यंत लागतात. घाई असेल तर पीसीवर कमांड प्रॉम्प्टमध्ये जीपीअपडेट ही कमांड द्या, ड्राइव्हसाठी लॉगआउट करून पुन्हा आत या.

पासवर्डचे नियम डोमेनच्या पातळीवरच्या मूळ धोरणात असतात. तयार मिळतात ते असे: किमान ७ अक्षरं, आणि ४२ दिवसांनी बदल. मला हे उलटं वाटतं. दर दीड महिन्याला पासवर्ड बदलायला लावला की तो कीबोर्डखाली चिठ्ठीवर जातो. लांबी १२ करा, मुदत वर्षाची ठेवा, आणि दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर खातं थोडा वेळ बंद होईल असं लावा.

माणूस जातो तेव्हा

शेवटच्या दिवशी संध्याकाळी खातं "डिसेबल" करा, डिलीट करू नका. विंडोज माणसाला नावाने ओळखत नाही, एसआयडी नावाच्या क्रमांकाने ओळखतो. डिलीट करून त्याच नावाचं खातं पुन्हा केलं तरी क्रमांक नवा असतो, जुने हक्क परत येत नाहीत. डिसेबल केलेल्या खात्याला "गेलेले" नावाच्या युनिटमध्ये हलवा, ग्रुपमधून काढा, आणि तीन महिन्यांनी साहेबांना विचारून मगच पुसा. चुकून पुसलं गेलंच तर परत आणता यावं म्हणून "ॲक्टिव्ह डिरेक्टरी ॲडमिनिस्ट्रेटिव्ह सेंटर" मधून रीसायकल बिन पहिल्याच आठवड्यात सुरू करून ठेवा. तो एकदा सुरू केला की बंद करता येत नाही, पण बंद करायची गरजही पडत नाही.

पीसीचंही खातं असतं, त्यालाही पासवर्ड असतो आणि तो ३० दिवसांनी आपोआप बदलतो. म्हणून पीसीला तीन महिन्यांपूर्वीच्या बॅकअपवरून मागे नेलं की "ट्रस्ट रिलेशनशिप" तुटल्याचा संदेश येतो. तेव्हा पीसीवरच्या स्थानिक ॲडमिन खात्याने आत जाऊन पीसी वर्कग्रुपमध्ये काढा आणि परत डोमेनला जोडा, प्रोफाइल जागेवर राहतं. त्यासाठी प्रत्येक पीसीवर असं एक स्थानिक खातं चालू असलं पाहिजे आणि त्याचा पासवर्ड तुमच्या नोंदवहीत हवा.

सर्व्हरचा बॅकअप घेताना "सिस्टम स्टेट" ची खूण करा, नाहीतर फायली वाचतात आणि खाती जातात. एक प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन डिस्क काढून ठेवा. जोडलेली डिस्क रॅन्समवेअर सर्व्हरबरोबरच गिळतं. आणि महिन्यातून एकदा त्या प्रतीतून एखादी फाइल खरोखर परत काढून बघा, ती उघडते का ते साहेबांच्या समोर.